काटेकोराचं इंप्रेशन

इमारतीत त्याला सगळे पाठीमागे 'काटेकोर' म्हणत, आणि आपल्याला पाठीमागे काय म्हणतात हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ही गोष्ट आधीच सांगून ठेवलेली बरी. कारण पुढे जे महाभारत घडलं ते 'याला बिचाऱ्याला लोकांच्या मनातलं काही कळतच नाही' या एका समजुतीपायी घडलं. आपणही त्याला काटेकोरच म्हणू या. त्याची हरकत नाही, विचारलं आहे. "नाव बरोबर आहे," एवढंच म्हणाला आणि कामाला लागला.

काम म्हणजे वजनकाटे दुरुस्त करण्याचं. किराणा दुकानातले, दवाखान्यातले, सोनाराचे, प्रयोगशाळेतले. खिडकीखाली त्याचं टेबल आहे, टेबलावर लाकडी पेटी, पेटीत मखमल आणि मखमलीत पितळी वजनं. त्यांना तो बोट लावत नाही, चिमट्यानं उचलतो. बोटाचा घाम वजनाला चिकटतो म्हणे. एकदा चहात साखर घालताना त्यानं साखरेचा डबासुद्धा चिमट्यानं उचलला होता असं त्याचे भावोजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सांगतात. पण भावोजी पुष्कळ काही सांगतात.

गेल्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी त्याची नीट तपासणी करून त्याला ऑटिझम असल्याचं सांगितलं. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात, असंही सांगितलं. काटेकोर त्यावर बराच वेळ विचार करत बसला. बाईंना वाटलं, धक्का बसला. शेवटी तो म्हणाला, "मराठी शब्द चुकीचा आहे. मी स्वतःत कधीच मग्न नसतो, काट्यात असतो." बाईंनी ते मान्य केलं, आणि जाताजाता स्वतःच्या दवाखान्यातला काटा दाखवून घेतला. तो चुकीचा निघाला. तेव्हापासून बाई एकदम जाड झाल्या आहेत, पण तो वेगळा विषय आहे.

तर झालं असं की ताईची मुलगी, म्हणजे काटेकोराची भाची, बाळंत व्हायची होती. भावोजी नुकतेच निवृत्त झालेले. तेव्हा ताई आणि भावोजी दोघांनी कायमचंच भाचीच्या गावी जायचं ठरलं. आजवर तिघं एका घरात राहत होते आणि घर होतं ताईच्या नावावर. आता ते काटेकोराच्या नावावर करायचं, म्हणजे तो तिथंच राहील, इतका साधा बेत. तो फसला तर त्यालाही भाचीकडे जायला लागणार होतं, कारण घर नावावर नसलेल्याला इमारतीची संस्था एकट्यानं राहू देत नसे. तिथं त्याच्यासाठी पडदा लावून एक कोपरा काढला होता. कोपऱ्याला खिडकी नव्हती, शेजारी पाळणा होता, आणि त्या गावात काटे दुरुस्त करणारा आधीच एक होता. काटेकोरानं आयुष्यात कुणाकडे फारसं काही मागितलं नव्हतं. पण त्या खिडकीखालचं ते टेबल त्याला हवं होतं, आणि ते जाईल या विचारानं तो रात्री उठून टेबलाशी जाऊन बसत होता.

अडचण एकच. संस्थेचा नियम होता की घर दुसऱ्याच्या नावावर करायचं तर त्यानं आधी कमिटीसमोर 'परिचय-भेट' द्यायची, आणि एकाही सभासदाची हरकत असता कामा नये. हा नियम कुणी केला, केव्हा केला आणि का केला, हे कुणालाच माहीत नव्हतं. म्हणूनच तो मोडायची कुणाची हिंमत नव्हती.

"माणूस सोन्यासारखा आहे हो तुमचा भाऊ," सेक्रेटरी जिन्यात ताईला म्हणाले. "पण…"

सेक्रेटरींना एक खोड होती. ते कुठलंच वाक्य पुरं करत नसत. पुरं केलेलं वाक्य उद्या अंगाशी येऊ शकतं, असं त्यांचं मत असावं.

"पण काय?" ताईनं विचारलं.

"म्हणजे, लोकांवर जरा इंप्रेशन… आता बघा ना, आपण काही म्हणत नाही, पण कमिटीत कुणी म्हटलंच, तर मग…"

काटेकोर शेजारीच उभा होता. शेजारी उभ्या असलेल्या माणसाबद्दल तो गावाला गेल्यासारखं बोलायचं, ही पद्धत त्याच्या बाबतीत लहानपणापासून चालत आली होती. तिची त्याला सवय होती. राग मात्र दरवेळी नव्यानं यायचा.

घरी आल्याबरोबर भावोजींनी मोहीम हाती घेतली. "छाप पाडणं हे शास्त्र आहे," ते सोफ्यावर पसरत म्हणाले. "माझ्याकडे बघ. जिन्यात उतरतो तर खाली पोचायला अर्धा तास लागतो. का? लोक सोडतच नाहीत! जीव टाकतात माझ्यावर. तुला तीन गोष्टी सांगतो. डोळ्यांत बघायचं, हसायचं आणि समोरच्याची चौकशी करायची. बस्स!"

"अहो, त्याला जमेल तसं राहू द्या ना," ताई म्हणाली.

"आणि कमिटी?"

ताई चहा टाकायला उठली.

बातमी जिन्यातून वर गेली, आणि येताना सल्ले घेऊन खाली आली. समोरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, हसताना वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे दात दिसले पाहिजेत, त्याशिवाय हसणं विश्वासार्ह वाटत नाही. खालच्या मजल्यावरच्या शिवणवहिनी (या घरीच शिवणकाम करतात) म्हणाल्या की सगळा दोष करड्या शर्टाचा आहे. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात, त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्यांनी निरोप पाठवला: मान वर, खांदे मागे, उच्चार स्वच्छ. काटेकोरानं सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं. यंत्राबरोबर आलेली सूचनापत्रिका तो जशी पाळायचा, तसंच हेही पाळायचं त्यानं ठरवलं. इथंच घोटाळा झाला.

पहिल्या समोर आल्या शिवणवहिनी. डोळ्यांत बघायचं खरं, पण कुठल्या? भावोजींनी ते सांगितलंच नव्हतं आणि एका वेळी दोन्ही डोळ्यांत बघता येत नाही. काटेकोरानं डावा निवडला. लिफ्ट वर येईपर्यंत तो त्या डाव्या डोळ्यात बघत राहिला, पापणी न हलवता. वहिनींनी पदर सारखा केला, डोळा चोळला, पुन्हा चोळला, आणि दुसऱ्या दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन आल्या. डोळ्यात काही नाही म्हटल्यावर त्या जास्तच घाबरल्या.

डॉक्टर भेटले ते नेमके गाडीला कुणीतरी पोचा पाडून गेल्यानंतर. बिचारे गाडीभोवती गोल फिरत होते, चेहरा पडलेला. काटेकोर समोर आला, थांबला, आणि त्यांच्याच सांगण्याप्रमाणे वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे दात दाखवून हसला. डॉक्टरांनी आधी पोच्याकडे बघितलं, मग दातांकडे, मग पुन्हा पोच्याकडे. त्या दिवसापासून ते गाडी इमारतीच्या मागे लावू लागले.

चौकशीची पाळी आली मोठ्या बाईंची. "तब्येत कशी आहे?" काटेकोरानं स्वच्छ उच्चारात विचारलं.

"ठीक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या आणि जिना चढू लागल्या.

"म्हणजे?"

मोठ्या बाई थांबल्या. आता हे बघा, तब्येत कशी आहे म्हणून विचारणारे ढीगभर भेटतात. पण उत्तर मिळेपर्यंत उभं राहणारा माणूस त्यांना गेल्या कित्येक वर्षांत भेटला नव्हता. त्यांनी पिशवी खाली ठेवली. उजव्या गुडघ्यापासून सुरुवात केली, डावा घेतला, रक्तदाब, झोप, शाळेत त्यांच्या जागी आलेल्या बाई, त्या बाईंचं हस्ताक्षर… वर त्यांचं दूध उतू गेलं, वास जिन्यापर्यंत आला. तरी त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तर मी काय सांगत होते…" काटेकोर मध्ये एकदाही 'हो ना' म्हणाला नाही, 'माझ्या काकूंचंही असंच' म्हणाला नाही, घड्याळ बघितलं नाही. त्याला गुडघ्यात खरोखरच रस वाटू लागला होता. गुडघा म्हणजे शेवटी तराजूच, असं त्याचं मत पडलं.

इथवर ठीक होतं. पण मग त्यानं सेक्रेटरींसाठी दार उघडून धरलं, त्यांच्या डाव्या डोळ्यात बघितलं, सगळे दात दाखवले आणि विचारलं, "तब्येत कशी आहे? आणि लिफ्टच्या दुरुस्तीचं कुठवर आलं?"

सेक्रेटरींचा चेहरा पांढरा पडला. कमिटीची निवडणूक तोंडावर आली होती. इतकी वर्षं ज्या माणसानं जिन्यात मान वर केली नाही तो अचानक दारं उघडून धरतो, हसतो, लिफ्टची चौकशी करतो. याचा अर्थ एकच! संध्याकाळपर्यंत इमारतभर झालं की काटेकोर सेक्रेटरीपदाला उभा राहतोय. कुणी म्हणालं, धंदा बसला असेल. कुणी म्हणालं, विमा विकायला लागला असेल. शिवणवहिनी म्हणाल्या, "काही नाही, त्यांच्या डोक्यावर परिणाम झालाय, माझा डोळा साक्षीला आहे."

दुसऱ्या दिवशी संस्थेचं पत्र आलं. परिचय-भेट पुढे ढकलण्यात येत आहे, आणि 'वर्तनात अचानक झालेल्या अनुकूल बदलाबाबत' संबंधितानं लेखी खुलासा करावा.

काटेकोरानं पत्र उभ्यानं वाचलं, बसून वाचलं. "आधी बदलत नाही म्हणून तक्रार," तो म्हणाला, "आणि आता बदललो म्हणून खुलासा." मग तो टेबलाशी जाऊन बसला आणि पेटीतली वजनं पुसू लागला. वजनं स्वच्छच होती.

ताई चहा घेऊन आली. "लागलं का रे मनाला?"

"हो."

"जाऊ दे. तुझा काही दोष नाही." ताईनं कप त्याच्या हाताशी ठेवला. "तुला कुठून कळणार, लोकांना काय वाटतं ते?"

बोलली ती मायेनंच. पण पत्रानं लागलं नव्हतं इतकं ते वाक्य लागलं. "मला कळतं," तो म्हणाला.

"बरं, बरं. कळतं."

"बरं बरं नको. मला कळतं. मी लिफ्टमध्ये शिरलो की बोलणं थांबतं. मी गेलो की पुन्हा सुरू होतं, आणि आधी हसणं ऐकू येतं. मी बहिरा आहे का? लोकांना मी कसा वाटतो ते मला कळतं. मी वेगळा कसा वाटू, तेवढं कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

ताईनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं लहान मुलानं आपण मोठं झाल्याचं जाहीर केल्यावर बघतात. ते बघणंही त्याला कळलं. आणि तिथंच त्यानं ठरवलं: पुरे झालं हसणं, आता मोजायचं.

पद्धत सोपी होती. त्याच्या धंद्यातलीच. लोकांचं आपल्याबद्दल काय मत आहे याचा आपला अंदाज आधी बोलून दाखवायचा, मग खरं मत विचारायचं. फरक दिसेलच. तो खाली गेला आणि शिवणवहिनींचं दार वाजवलं. नजर दाराच्या कडीवर ठेवून म्हणाला, "मी तुम्हाला घुमा वाटतो आणि माझी थोडी भीती वाटते, असा माझा अंदाज आहे. बरोबर?"

"अय्या! छे हो!" वहिनींचा आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला. "असं कसं म्हणता! उलट आम्ही तर नेहमी म्हणतो… चहा घेता का?"

काटेकोर आभार मानून परत आला. पारड्याखाली कुणीतरी अंगठा लावलाय हे त्याला आवाजावरूनच कळलं होतं. अशा वेळी आधी माहीत असलेलं वजन ठेवून काटा तपासायचा असतो, मग हवी ती वस्तू ठेवायची. पण सगळ्यांना ज्याच्याबद्दल काय वाटतं हे आधीच पक्कं ठाऊक आहे असा माणूस आणायचा कुठून?

तो माणूस सोफ्यावर पेपर वाचत होता.

"भावोजी, मला मोजायला तुमचं नाव वापरू?"

"वापर की!" भावोजी पेपराआडून म्हणाले. "माझं नाव कुठंही चालतं."

आणि काटेकोर पुन्हा खाली गेला. "वहिनी, आधी एक सोपा प्रश्न. भावोजींबद्दल तुमचं मत काय आहे?" त्याला 'फार चांगले आहेत' हे उत्तर अपेक्षित होतं. ते मिळालं की काटा सरळ आहे असं समजून पुढे जायचं.

वहिनींनी हातातली कात्री खाली ठेवली. "खरं सांगू?"

"हो. खरंच हवंय."

"मग बसा!"

अहो, ते काय बाहेर पडलं! रोज दारातून जाताना 'काय वहिनी, आज कुणाचं फाटलं?' हा एकच विनोद, वर्षानुवर्षं, आणि विनोद झाल्यावर हसेपर्यंत समोर उभे. डॉक्टरांकडे गेला तर डॉक्टर म्हणाले, हा गृहस्थ जिन्यात हात हातात घेतो तो सोडत नाही, आणि सुटका व्हायच्या आधी तोंड उघडून फुकटात दाढ दाखवतो. ज्याला भावोजी 'लोक सोडतच नाहीत' म्हणत होते, त्यात कोण कुणाला सोडत नव्हतं हे काटेकोराला आता कळलं. त्याला घामच फुटला. धंद्यात यापेक्षा मोठं संकट नसतं. काटा नाही, प्रमाण म्हणून आणलेलं वजनच खोटं निघालं!

पण एक मात्र झालं. लोकांचा एकदा बांध फुटला तो फुटलाच. भावोजींबद्दल खरं बोलून झालं की त्याच ओघात ते काटेकोराबद्दलही खरं बोलत. "तुम्ही होय? घुमे आहात, घाबरायला होतं हो," वहिनी म्हणाल्या, आता अगदी खालच्या पट्टीत. "पण तुम्ही म्हणालात माझ्या मशीनचं चाक तिरकं आहे, तर ते तिरकंच होतं." डॉक्टर म्हणाले, "शिष्ट वाटता. रागवू नका." काटेकोर रागावला नाही. त्याचाही अंदाज 'शिष्ट' हाच होता. एकेका दारातून तो बाहेर पडे तेव्हा त्याची मान आपोआप वर आणि खांदे मागे गेलेले असत. आयुष्यभर ज्याला 'तुला कळत नाही' म्हणून सांगितलं, त्याचा अंदाज दारोदार बरोबर येत होता.

तिथंच थांबला असता तर बरं झालं असतं. पण मध्ये न बोलता ऐकणारा माणूस मिळाला की लोकांना काही थांबवता येत नाही. वहिनींनी न विचारता डॉक्टरांच्या यंत्राच्या किर्र आवाजाबद्दल सांगितलं. डॉक्टरांनी वहिनींच्या मशीनच्या खडखडाटाबद्दल. मोठ्या बाई नोटिसबोर्डावरच्या सूचना लाल पेनानं तपासून गुण देतात याबद्दल दोघांनीही. मोठ्या बाईंनी तर सगळ्यांबद्दलच, इयत्तेनुसार. आणि सेक्रेटरींबद्दल कोण काय बोललं ते इथं देता येत नाही. एवढंच सांगतो की त्या विषयावर सगळ्यांनीच वाक्यं पुरी केली.

काटेकोर घरोघरी फिरतोय, दार लावून लोकांशी बोलतोय! सेक्रेटरींच्या कानावर गेलं मात्र, त्यांनी भेट पुढे ढकलली होती ती घाईघाईनं मागे ओढली आणि येत्या रविवारीच सभा लावली.

सभा तळमजल्यावरच्या मीटरच्या खोलीत भरली. कमिटीत होते कोण? अध्यक्ष मोठ्या बाई, खजिनदार दातांचे डॉक्टर, सभासद शिवणवहिनी, आणि सेक्रेटरी. काटेकोर समोरच्या खुर्चीवर बसला. मागे ताई, ओठ घट्ट मिटून. भावोजी 'शब्द टाकायला' म्हणून आले होते. ते एकेकाशी हस्तांदोलन करत पुढे सरकले तेव्हा डॉक्टरांचा हात हळूच खुर्चीमागे गेलेला काटेकोरानं बघितला. मग भावोजींनी शब्द टाकायला सुरुवात केली, आणि मोठ्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटेपर्यंत टाकत राहिले.

सेक्रेटरी उठले. "आता प्रश्न असा आहे, की घरोघर जाऊन यांनी नक्की काय… म्हणजे एकाएकी हे सगळं… आणि मुळात," ते काटेकोराकडे वळले, "तुम्हाला कल्पना तरी आहे का, की लोकांना तुम्ही कसे…"

"आहे," काटेकोर म्हणाला. "सांगू?"

आणि तो मीटरच्या लाल दिव्याकडे बघत सांगू लागला. "वहिनींना मी घुमा वाटतो, लिफ्टमध्ये मी एकटा असलो की त्या जिन्यानं जातात. डॉक्टरांना मी शिष्ट वाटतो, आणि त्यांच्या गाडीला पोचा मी पाडला असंही वाटतं. तो मी पाडलेला नाही, पण त्यांना तसं का वाटलं ते मला समजतं. मोठ्या बाईंना मी उद्धट वाटायचो. तब्येत विचारल्यापासून बरा वाटतो. तुम्हाला मी निवडणुकीला उभा राहणार असं वाटतं. मला वजनकाट्यांचं काम पुष्कळ आहे, मी उभा राहणार नाही. आणि तुम्ही जिन्यात म्हणालात ते वाक्य असं पुरं होणार होतं: माणूस सोन्यासारखा आहे, पण विचित्र आहे. बरोबर?"

सगळ्यांच्या माना अध्यक्षांकडे वळल्या.

"शब्दन् शब्द," मोठ्या बाई म्हणाल्या. पैकीच्या पैकी गुण दिल्याच्या सुरात.

काटेकोरानं मागे वळून बघितलं नाही. पण ताईची खुर्ची करकरली, तेवढं त्याला ऐकू आलं.

सेक्रेटरी गडबडले. तिथं बसले असते तर काय बिघडलं असतं! पण शंका एकदा डोक्यात शिरली की माणसाला खाली बसू देत नाही. "ते ठीक आहे," ते म्हणाले. "पण इतक्या घरी गेलात, तर लोक इतरांबद्दल… म्हणजे आमच्याबद्दलही काही…"

"बोलले."

"कोण?"

"सगळे."

"काय बोलले?"

काटेकोरानं जरा विचार केला. "मला खोटं बोलता येत नाही," तो म्हणाला. "तुम्ही विचारलंत तर सगळं सांगीन. मला सगळं आठवतं. कुणापासून सुरुवात करू?"

डॉक्टर खुर्चीवरून ताडकन उठले. "माझी काही हरकत नाही! घर नावावर करा!"

"माझी तर कधीच नव्हती!" वहिनी ओरडल्या.

"ठराव मंजूर," मोठ्या बाई म्हणाल्या आणि पट्टी आपटली.

"थांबा, पण मला ऐकायचं आहे, की माझ्याबद्दल…" सेक्रेटरी म्हणाले.

"नाही ऐकायचं तुम्हाला," डॉक्टर म्हणाले. "माझं ऐका."

सेक्रेटरींनी डॉक्टरांकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं. वहिनी छताकडे बघत होत्या. मोठ्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधत होत्या. हळूहळू सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि इमारतीच्या इतिहासात पहिल्यांदाच त्यांनी एक वाक्य शेवटपर्यंत नेलं. "ठराव एकमताने मंजूर झाला आहे," ते म्हणाले आणि मटकन खाली बसले.

आता तुम्ही विचाराल, काटेकोरानं हे मुद्दाम केलं का? मीही विचारलं. "मी फक्त विचारलं की कुणापासून सुरुवात करू," तो म्हणाला. हे सांगताना तो माझ्या डोळ्यांत बघत नव्हता. पण तो एरवीही बघत नाही, त्यामुळे काही निष्पन्न झालं नाही.

घरी आल्यावर भावोजी विजयी मुद्रेनं सोफ्यावर बसले. "बघितलंस? शब्द टाकला, काम झालं. बरं, ते माझं नाव वापरून तू विचारत होतास ना? काय म्हणाले रे लोक माझ्याबद्दल?"

ताईचा हात हवेत थांबला. काटेकोर कधी खोटं बोलत नाही हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं! भावोजींचा चेहरा असा फुललेला, की बघवत नव्हतं.

काटेकोरानं सोफ्यावरच्या पेपराची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली. "मोठ्या बाई म्हणाल्या," तो शेवटी म्हणाला, "तुम्ही गेल्यावर जिना ओकाओका वाटेल. त्यांना करमणार नाही."

"म्हटलं नव्हतं!" भावोजी मांडीवर थाप मारून उठले आणि खाली निरोप घ्यायला गेले. आता तासभर तरी खालच्यांची सुटका नव्हती.

ताई त्याच्यामागोमाग टेबलाशी आली. "खरंच म्हणाल्या बाई असं?"

"हो."

"त्याच्या आधी काय म्हणाल्या?"

"'या माणसानं माझे कान किटवले आहेत, पण'," काटेकोर म्हणाला. "पुढचं सांगितलं, आधीचं गिळलं. दोन्ही खरंच होतं."

ताई हसत सुटली. पदर तोंडाला लावला, खुर्ची धरली, डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. मग डोळे पुसता पुसता तिचं हसू ओसरलं. "मला वाटायचं, तुला काही कळत नाही म्हणून तू त्रासातून सुटलायस," ती म्हणाली. "आणि तू इतकी वर्षं सगळं ऐकत होतास."

"हो."

"मग मला का नाही विचारलंस? दारोदार फिरलास, घरातच नाही विचारलंस."

काटेकोरानं पेटीचं झाकण उघडलं, मिटलं. "भीती वाटली," तो म्हणाला. "तुझ्या बाबतीतला अंदाज वाईट आहे."

"सांग."

"तुला मी ओझं वाटतो. आता गेलीस की सुटशील."

ताईनं टेबलावरचा चहाचा कप उचलला, पुन्हा ठेवला. तिला राग आला होता, आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की ताई नेहमी भांडायच्या सुरात बोलायची. "काट्यांचं एवढं शिकलास ना? मग उत्तर तोंडी नाही देणार मी. मोज. मी गेल्यावर आधी फोन कोण करतं ते बघ. ओझं उतरवून ठेवलेला माणूस मागे वळून बघत नाही."

निघायच्या दिवशी सकाळी खाली टॅक्सी उभी राहिली. भावोजींनी डॉक्टरांचा हात हातात घेतला होता आणि दुसऱ्या हातानं गाल ओढून दाढ दाखवत होते. मोठ्या बाई वरून खिडकीतून बघत होत्या आणि खरंच डोळे पुसत होत्या. शिवणवहिनींनी ताईच्या हातात शिवलेली पिशवी दिली. ताईनं काटेकोराला जवळ घेतलं नाही, त्याला ते आवडत नाही हे तिला ठाऊक होतं. नुसती त्याच्या करड्या शर्टाची कॉलर सरळ केली. टॅक्सी निघाली.

काटेकोर जिना चढून वर आला. घर शांत होतं. टेबलावर खिडकीतून ऊन आलं होतं. तो खुर्चीवर बसला, पेटी उघडली, चिमटा हातात घेतला, आणि फोन वाजला. टॅक्सी अजून कोपऱ्यावरच्या सिग्नललाच उभी होती, खिडकीतून दिसत होती.

"गॅस बंद केलास?" ताईनं विचारलं.

"लावलाच नव्हता."

"बरं."

दोघंही फोन ठेवेनात. मागून भावोजींचा आवाज येत होता, ते टॅक्सीवाल्याला विनोद सांगत होते.

"ताई," काटेकोर म्हणाला, "माझा अंदाज चुकला."

"कितीनं?"

काटेकोरानं पेटीकडे बघितलं. सगळ्यात लहान वजनापासून सगळ्यात मोठ्यापर्यंत. त्यानं खरोखरच विचार केला, कारण त्याला खोटं बोलता येत नाही.

"सांगता यायचं नाही," तो म्हणाला. "माझ्याकडे एवढी वजनं नाहीत."